परसातली झाडं, घाटनांदूरच्या मातीत

अंबाजोगाई तालुक्यातलं घाटनांदूर बालाघाटाच्या पठारावर आहे. इथल्या परसात पहिला मान सीताफळाचा. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. डोंगरउतारावर आणि बांधाला ते त्याच्या कितीतरी आधीपासून आपसूक उगवतंय. मुरमाड जमीन चालते, शेळ्या पाल्याला सहसा तोंड लावत नाहीत, तीन-चार वर्षांत फळ धरतं. डोळे उघडले, म्हणजे खवल्यांमधल्या फटी पिवळसर-पांढऱ्या दिसू लागल्या, की उतरवायचं आणि अढीत घालायचं. झाडावर पिकू दिलं तर पाखरांची चंगळ!

शेवग्याची जाड फांदी रोवली तरी साधारण वर्षभरात शेंगा लागतात. लाकूड ठिसूळ असतं, वावटळीत मोडतं, म्हणून छाटणी चुकवू नये.

कडुलिंबाला वेळ लागतो, पण तो पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. घराच्या पश्चिमेला लावला तर मे महिन्यातलं उतरतं ऊन भिंतीवर येत नाही आणि रात्री खोल्या कमी धगधगतात. पायापासून पंधरा-वीस फूट लांबच बरा. पहिले दोन उन्हाळे न्हाणीचं पाणी आळ्यात सोडलं की पुढे तो पाणी मागत नाही. अंगणात फरशी घालायची हौस असेल, तर निदान आळं तरी मोकळं ठेवा.