लोंद्रच्या मागावर – ९ : एका जादा जर्सीची गोष्ट

आज 'जॉर्ज फिलिपार' जहाजाला लागलेल्या आगीबद्दल लिहायचं कबूल केलं होतं. ते आठवडाभर लांबवतो, कारण रोज पहाटे सायकल दामटणाऱ्या एका वाचकांनी विचारलंय, की काळ्या पाण्यावर लिहिणाऱ्या आल्बेर लोंद्र या फ्रेंच पत्रकाराचं नाव सायकलवाल्यांच्या तोंडी कसं काय?

गयानातल्या कैद्यांवरची त्याची लेखमाला १९२३ ची. पुढच्याच वर्षी 'ल पती पारिझियाँ' या दैनिकानं त्याला टूर द फ्रान्सच्या मागे धाडलं. १५ टप्पे, ५,४२५ किलोमीटर. सायकल शर्यतीतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, आणि माझ्या मते तेच पथ्यावर पडलं. मुरलेला क्रीडा-बातमीदार तिघांनी शर्यत सोडल्याचं कळवून मोकळा झाला असता.

२६ जून १९२४. शेरबुर ते ब्रेस्त, ४०५ किलोमीटरचा टप्पा, सुरुवात रात्रीच्या अंधारात. सकाळी ग्रांव्हिलला स्पर्धकांच्या सह्या चालू असताना कळलं, की गेल्या वर्षीचा विजेता आंरी पेलिसिए आणि त्याचा धाकटा भाऊ फ्रांसिस घोळक्यात नाहीतच. लोंद्रनं मोटार उलटी फिरवली. टायर गेले तर गेले! कुतांसच्या स्टेशनाजवळच्या कॅफेत ही गर्दी. कोपरानं वाट काढत तो आत शिरला, तर दोघे भाऊ आणि मॉरिस व्हिल गरम चॉकलेटचे वाडगे पुढ्यात घेऊन बसलेले.

भांडण कशावरून? जर्सीवरून. रात्रीच्या गारठ्यात दोन चढवायच्या, ऊन तापलं की एक फेकून द्यायची, ही साधी सोय. पण निघताना अंगावर जे असेल ते शेवटपर्यंत बाळगायचं, असा नियम. टूरचे सर्वेसर्वा आंरी देग्रांज नियमांच्या बाबतीत खाष्ट सासूलाही लाजवतील असे. शेरबुरला एका अधिकाऱ्यानं अवाक्षर न बोलता आंरीची जर्सी वर करून आत दुसरी आहे का ते पाहिलं. आंरीचं डोकं फिरलं ते तिथे.

मग पिशव्या टेबलावर रिकाम्या झाल्या. डोळ्यांसाठी कोकेन, हिरड्यांसाठी क्लोरोफॉर्म, व्हिलचं गुडघ्याला चोळायचं मलम, शिवाय गोळ्यांच्या डब्या. लोंद्रनं सगळं जसंच्या तसं छापलं. गयानाच्या हकिगती ताज्या असलेल्या वाचकांना वेगळं सांगावं लागलं नाही. 'रस्त्यावरचे कैदी' हे शब्द त्याच्या नावाला कायमचे चिकटले.

गंमत पुढेच आहे. लोंद्र नामांकित खरा, पण त्याला सायकलिंगमधलं कळत नव्हतं, म्हणून कोकेन-गोळ्या दाखवून आम्ही त्याची जरा फिरकी घेतली, असं फ्रांसिसनं नंतर सांगितलं. लोंद्रला खोटं पाडू पाहणारे इथवरच ऐकतात. त्यापुढे फ्रांसिस हेही म्हणाला होता, की त्या वर्षीची टूर म्हणजे काही सहल नव्हती.

जहाज पुढच्या आठवड्यात. नक्की.