काटकोनात वळणारे भोवरे

मोठ्या परातीत चार बोटे पाणी भरून ती उन्हात ठेवा. एक बशी उभी धरून अर्धी पाण्यात बुडवा, थोडी पुढे ओढा आणि अलगद वर काढा. तळाशी दोन गोल सावल्या जोडीने सरकताना दिसतील. या सावल्या दोन भोवऱ्यांच्या. ते एकमेकांच्या उलट फिरतात. महाळुंग्यात आमच्या गच्चीवर हा खेळ मी अनेकदा केला आहे.

असे भोवरे पाण्यातच असतात असे नाही. काही अतिसंवाहकांत चुंबकीय क्षेत्र बारीक भोवऱ्यांच्या रूपाने शिरते, हे आब्रिकोसॉव्ह यांनी १९५७ साली मांडले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांची चित्रेही घेतली गेली आहेत.

आता घर्षण नाही, ओढाताण नाही असे एक आदर्श क्षेत्र कल्पा. त्यात एकाच दिशेने फिरणारे दोन भोवरे सावकाश समोरासमोर आले, तर? चेंडूंसारखे मागे फिरतील? १९८८ साली रूबॅक यांच्या गणिताने सांगितले, दोघे काटकोनात वळून जातात!

असे का? भोवरे अगदी एकसारखे. पहिला कोणता, दुसरा कोणता, हे विचारण्यात अर्थच नाही. म्हणून दोघांच्या जागा एकाच समीकरणात मांडायच्या: क्ष² = अ. अ = ४ असताना क्ष = +२ आणि −२; भोवरे आडव्या अक्षावर. अ घटत शून्य झाला की दोघे मध्यावर. अ तसाच घटत −४ झाला, की वर्गमूळे काल्पनिक, आणि ती आपण उभ्या अक्षावर मांडतो! ‘काल्पनिक संख्या कशाला शिकायच्या?’ असे विचारणाऱ्यांना मी हेच भोवरे दाखवतो.

उलट फिरणारे भोवरे मात्र भिडले की एकमेकांना नष्ट करतात. पण २००७ साली ग्लायझर आणि थोरारिन्सन यांना संगणकावर दिसले, की काही वेळा मागे एक धडधडणारा गोळा उरतो आणि बराच काळ टिकतो. त्याला ऑसिलॉन म्हणतात.

तो लगेच लाटा होऊन पसरत का नाही? नागपंचमीचा झोका आठवा. लहान हेलकाव्यांना सारखाच वेळ लागतो हे तुम्ही वाचले असेल. पण झोका फार उंच चढला की वेळ वाढतो, म्हणजेच वारंवारता घटते. ऑसिलॉनचेही तसेच. या क्षेत्रात एका ठराविक मर्यादेखालच्या वारंवारतेच्या लाटा दूर जाऊच शकत नाहीत, त्यामुळे ऊर्जा आत कोंडते. फक्त दुप्पट-तिप्पट वारंवारतेच्या क्षीण लाटा झिरपत राहतात. झिरपता झिरपता हेलकावा लहान होतो, वारंवारता वाढते, आणि ती मर्यादेपाशी पोचली की इतका वेळ टिकलेला गोळा पाहता पाहता विरून जातो.