डिस्क वाकलेली नसते, तरी स्टिअरिंग थरथरते

धाटावहून कोलाडमार्गे मुंबई-गोवा महामार्गाला लागलेल्या जुन्या गाडीत हे हमखास अनुभवाला येते. वेग 80 च्या आसपास असतो, पुढे एसटी थांबते, ब्रेक दाबला जातो आणि स्टिअरिंग हातात थरथरू लागते. गॅरेजमधले निदान बहुधा ठरलेले असते : ‘डिस्क बेंड झाली, बदलून टाका.’ काही हजार रुपये जातात आणि दिवाळीपर्यंत थरथर परत येते. निदान अर्धवट राहिले, की दुरुस्तीही अर्धवटच राहते.

उष्णतेने डिस्क वाकते, हा सगळ्यांत रुजलेला समज. डिस्क बिडाची असते. रोजच्या वापरात ती पापडासारखी वाकावी इतकी तापत नाही. प्रत्यक्षात तिची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. एका जागी जाड, दुसऱ्या जागी पातळ. फरक किती? मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढाही पुरतो. जाड भाग पॅडमधून जाताना पकड वाढते, पातळ भाग जाताना सैल पडते. छोट्या गाडीचे चाक 80 च्या वेगाला सेकंदाला सुमारे 13 वेळा फिरते, म्हणजे हे झटकेही सेकंदाला तितकेच. ते टाय रॉडमधून थेट हातापर्यंत पोचतात.

मग जाडीत फरक पडतो कशाने? आपल्याकडे सगळ्यांत कमी पाहिले जाणारे कारण म्हणजे गंज. रोह्याच्या पट्ट्यात जून ते सप्टेंबर हवा ओलीच असते आणि जुनी गाडी या दिवसांत आठवडेच्या आठवडे अंगणात उभी असते. चाक आणि कॅलिपर काढून डिस्क सोडवली, की हबच्या सपाट तोंडावर लालसर खपल्या दिसतात, विशेषतः स्टडच्या भोवती. त्यांच्यावरच नवी डिस्क बसवली तर ती किंचित तिरकी बसते. पहिल्या दिवशी काहीच जाणवत नाही, कारण डिस्क दोन्ही बाजूंनी अजून एकसारखी जाड असते. पण ब्रेक दाबलेला नसतानाही तिची पुढे आलेली बाजू दर फेरीला पॅडला घासत राहते आणि तेवढीच झिजत जाते. काही हजार किलोमीटरनंतर थरथर सुरू होते, तोवर ‘नवीन डिस्कच डुप्लिकेट निघाली’ असे सगळ्यांचे ठरलेले असते. लेथवर टर्निंग करून आणलेल्या डिस्कचेही हेच होते. हब वायर ब्रशने घासून चकचकीत करणे, डिस्क बसवून डायल गेज लावणे आणि काटा एका फेरीत किती हलतो ते पाहणे, हे अर्ध्या तासाचे काम आहे. साधारण 0.05 मिमीच्या आत राहिले तर उत्तम. गेज न लावता डिस्क बदलायला सांगणाऱ्या मेकॅनिकला मी तरी आधी गेज लावायला सांगेन.

टर्निंगलाही मर्यादा आहे. डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. त्याच्या खाली गेलेली डिस्क लेथवर कितीही गुळगुळीत झाली तरी वापरू नये.

‘नट जितका घट्ट तितका चांगला’ हाही धोक्याचा समज. पंक्चर काढल्यावर नटावर पाय देऊन एका बाजूने आवळत गेले, तर डिस्क हबवर वेडीवाकडी दाबली जाते. नट समोरासमोरचे, टप्प्याटप्प्याने आणि गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कनेच आवळावेत.

अलाइनमेंटने ही थरथर जात नाही. गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा टायर एकाच कडेने झिजत असेल, तर अलाइनमेंट पाहावी. बॅलन्सिंगचा दोष ब्रेक न दाबताच, बहुधा 80 ते 100 च्या दरम्यान जाणवतो. ब्रेक दाबल्यावरच थरथर येत असेल तर आधी ब्रेक तपासावा. त्यातही थरथर स्टिअरिंगला असेल तर पुढची चाके, सीटखाली आणि पेडलला जास्त असेल तर मागचे ड्रम, असा अंदाज बांधता येतो. जोरात ब्रेक मारताना एबीएस असलेल्या गाडीचे पेडल धडधडते, तो मात्र दोष नव्हे.

गाडी जुनी आहे म्हणून ‘थोडे थरथरणारच’ असे म्हणून सोडून देऊ नये. वयाचा भाग इतकाच, की लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड ढिले झालेले असतात आणि डिस्कमधला लहानसा दोष ते मोठा करून हातात देतात. म्हणून गाडी जॅकवर घेऊन, खाली स्टँड लावून, चाक हलवून पाहायलाच हवे. कॅलिपरच्या पिना गंजून अडकल्या असतील तर एक चाक जास्त तापते, जळका वास येतो, ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते. हे दिसले तर त्या गाडीने महामार्गावर जाऊ नका.

डिस्कवर पावसाचे पाणी उडाल्याने ती वाकते, हीही भीती अनाठायी. त्रास होतो तो वेगळ्याच सवयीने. सुकेळी खिंड उतरून आलेली तापलेली डिस्क पुढच्या ट्रॅफिकमध्ये पाय ब्रेकवर दाबूनच उभी केली, तर पॅडचा थर एकाच जागी चिकटतो. सपाट रस्त्यावर अशा वेळी हँडब्रेक लावावा. ड्रम मागे असलेल्या गाडीत पुढच्या डिस्कवर त्याचा काही भार पडत नाही.

नवी डिस्क आणि पॅड बसवल्यावर मोकळ्या रस्त्यावर, मागे गाडी नसताना, 50 वरून 15 पर्यंत मध्यम जोराने ब्रेक लावा आणि गाडी पूर्ण न थांबवता पुन्हा वेग घ्या. असे आठ-दहा वेळा, मध्ये डिस्क गार व्हायला थोडे अंतर चालवून. पॅडचा थर डिस्कवर सगळीकडे सारखा बसतो तो यानेच, आणि गणपतीच्या गर्दीत गाडी काढण्यापूर्वी हे उरकलेले बरे.