गिटारचा गुरू : वाजविणारा, रचणारा आणि शिकविणारा

आजकाल आपल्या अनेक घरांत गिटार दिसू लागली आहे. दहावीच्या परीक्षेनंतर किंवा वाढदिवसानिमित्त आईवडील हौसेने ती घेऊन देतात. मुले मोबाईलवरील चित्रफिती पाहून चार कॉर्ड शिकतात आणि काही आठवड्यांत एखादे चित्रपटगीत वाजवून दाखवितात. घरची मंडळी कौतुक करतात, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच मुलाला किंवा मुलीला रविवारी मिस्साच्या वेळी गायनवृंदासोबत बसविले की अडचण उभी राहते. भाविकांनी गीत वेगळ्या पट्टीत उचलले, दुसऱ्या कडव्यात गती मंदावली, किंवा अर्पणविधीला अधिक वेळ लागल्याने एक कडवे पुन्हा म्हणावे लागले की बोटे थबकतात.

याचे कारण साधे आहे. चित्रफीत शिकविते, पण ऐकत नाही. विद्यार्थ्याची तार उतरली आहे, मनगट ताठ झाले आहे, तो इतरांच्या पुढे धावतो आहे, हे तिला कळत नाही. हे कळण्यासाठी समोर माणूस लागतो. तो माणूस स्वतः लोकांसमोर वाजविणारा आणि गीते रचणारा असेल, तर विद्यार्थ्याला जे मिळते ते कोणत्याही यंत्रातून मिळत नाही.

वाशीम जिल्ह्यासारख्या भागात या प्रश्नाला वेगळे महत्त्व आहे. येथे आपली कुटुंबे संख्येने थोडी आणि विखुरलेली आहेत. लहान धर्मग्रामात पेटी वाजविणारी एखादीच व्यक्ती असते. तिची बदली झाली किंवा वय झाले की गायनाचा आधार जातो, आणि मग मोबाईलवर ध्वनिमुद्रित संगीत लावून त्यामागे गाण्याची वेळ येते. ते संगीत भाविकांसाठी थांबत नाही. भाविकांनाच त्याच्यामागे धावावे लागते. म्हणून एखादे मूल वाद्य कसे शिकते, हा केवळ त्या घरापुरता प्रश्न राहत नाही.

परंपरा जुनीच आहे

वादक, रचनाकार आणि शिक्षक या तिन्ही भूमिका एकाच व्यक्तीने पार पाडणे ही काही नवी कल्पना नव्हे. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील चर्चना जोडलेल्या शाळांमध्ये मुलांना स्वरलेखन वाचायला, गायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवीत. शिकविणारा ‘मेस्त्रे’ हाच उपासनेत गायनवृंद सांभाळी, आणि सणासुदीसाठी प्रसंगी नवी रचनाही करी.

माजोर्डा येथील चर्चमध्ये गायनवृंद सांभाळणाऱ्या अशाच एका संगीतकाराच्या घरी १९२७ साली अँथनी गोन्साल्विस यांचा जन्म झाला. संगीताचे पहिले धडे त्यांना वडिलांकडून मिळाले. पुढे मुंबईला येऊन ते चित्रपटसृष्टीतील नामांकित व्हायोलिनवादक आणि संगीत संयोजक झाले. भारतीय राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मेळ घालणाऱ्या रचना त्यांनी केल्या आणि त्यासाठी १९५८ मध्ये स्वतःचा वाद्यवृंद उभारला. त्याच काळात ते शिकवीतही असत. त्यांच्या शिष्यांपैकी एक म्हणजे लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतील प्यारेलाल. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ या चित्रपटातील नायकाच्या तोंडी जे अँथनी गोन्साल्विस हे नाव गाजले, ते प्यारेलाल यांच्या या गुरूचे. गोन्साल्विस २०१२ मध्ये निवर्तले.

त्यांचे वाद्य व्हायोलिन होते. पण गिटारचा इतिहासही हेच सांगतो. बार्सिलोना येथे १७७८ साली जन्मलेले फर्नांदो सोर यांचे संगीतशिक्षण मोन्सेरात येथील मठाच्या गायनशाळेत झाले. पुढे ते वादक म्हणून युरोपभर फिरले, त्यांनी विपुल रचना केल्या आणि १८३० मध्ये गिटार शिकण्याची पद्धत सांगणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांसाठी त्यांनी रचलेले लहान लहान अभ्यासपाठ आजही जगभर शिकविले जातात. त्यांच्यानंतरचे फ्रान्सिस्को तारेगा (१८५२-१९०९) हेही वादक, रचनाकार आणि शिक्षक होते. नोकिया मोबाईलची जी सुपरिचित धून एकेकाळी सर्वत्र ऐकू येत असे, ती तारेगा यांच्याच गिटारवरील एका रचनेतून घेतलेली आहे. मिगेल ल्योबेत आणि एमिलिओ पुजोल हे त्यांचे शिष्य पुढे स्वतः नामवंत वादक, रचनाकार आणि शिक्षक झाले.

अशा गुरूकडून नेमके काय मिळते?

पहिली गोष्ट म्हणजे ऐकण्याची सवय. लोकांसमोर वाजविणाऱ्याला ठाऊक असते की चूक झाली तरी थांबायचे नसते. ताल सोडायचा नाही आणि पुढच्या समेवर पुन्हा मिळायचे. तो विद्यार्थ्याला एकटे वाजवू देत नाही. स्वतः सोबत गातो, मुद्दाम गती कमी-जास्त करतो, पट्टी बदलतो. येथे कॅपो हा छोटा चिमटा कामी येतो. हार्मोनियमची पांढरी एक म्हणजे गिटारचा सी. सी मध्ये बसविलेले गीत भाविकांनी पांढरी दोनमध्ये उचलले, तर कॅपो दुसऱ्या फ्रेटवर लावायचा. काळी दोनमध्ये उचलले, तर तिसऱ्या फ्रेटवर. बोटांच्या जागा त्याच राहतात. हा हिशेब दहा मिनिटांत समजतो. परंतु पहिली ओळ ऐकताच पट्टी ओळखणे हे सरावानेच साधते.

दुसरी गोष्ट रचनाकाराकडून मिळते. ती म्हणजे कारणमीमांसा. एखादे मराठी भक्तिगीत भूप रागात बांधलेले आहे असे समजू. भूपमध्ये सा, रे, ग, प, ध हे पाचच स्वर आहेत; मध्यम आणि निषाद वर्ज्य. नवशिका विद्यार्थी सी हा षड्ज धरून सवयीप्रमाणे सी, एफ आणि जी या तीन कॉर्ड वाजवितो. पण एफ कॉर्डमध्ये मध्यम आहे आणि जी कॉर्डमध्ये निषाद. म्हणजे गायक जे स्वर कटाक्षाने टाळतो, तेच गिटार त्याच्यामागे वाजवीत राहते. ऐकणाऱ्याला काहीतरी खटकते, पण काय ते सांगता येत नाही. स्वतः चाली बांधणारा शिक्षक सांगेल की सी आणि ए मायनर या कॉर्डचे सर्व स्वर भूपमध्येच आहेत. जीच्या जागी पंचम आणि ऋषभ एवढेच छेडावेत, आणि काही ठिकाणी गिटारने स्वस्थ राहावे. कोठे वाजवू नये हे शिकविणारा शिक्षक मिळणे हे भाग्याचे लक्षण.

तिसरी गोष्ट म्हणजे त्या विद्यार्थ्यासाठी तयार केलेला पाठ. एफची पूर्ण कॉर्ड धरताना एकाच बोटाने सहाही तारा दाबाव्या लागतात. तेथे अनेक मुले निराश होतात आणि गिटार कपाटावर जाते. रचना करू शकणारा शिक्षक लहान हातांना पेलेल अशी चार ओळींची धून तेथल्या तेथे लिहून देतो आणि अडथळा पायरीपायरीने ओलांडायला लावतो.

उपासनेतील गिटार

गिटार मिस्सामध्ये चालते का, असा प्रश्न ज्येष्ठ मंडळी विचारतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयी जो दस्तऐवज प्रसिद्ध केला, त्यात पाइप ऑर्गनला मानाचे स्थान दिले आहे. तसेच पवित्र उपयोगास साजेशी अन्य वाद्येही स्थानिक अधिकाऱ्यांच्या संमतीने वापरण्यास वाव ठेवला आहे. १९६७ च्या पवित्र संगीतविषयक सूचनेनुसार वाद्यांनी आवाजांना आधार द्यावा, ते झाकून टाकू नयेत. आणि वादकाला केवळ कौशल्य नव्हे, तर उपासनेचे मर्मही ठाऊक असावे. उपवासकाळात, चौथा रविवार, महोत्सव आणि सण वगळता, वाद्यांचा उपयोग फक्त गायनाला आधार देण्यापुरता करावयाचा असतो. गिटारच्या शिक्षकाला हे नियम ठाऊक असतीलच असे नाही. ते समजावून सांगणे हे धर्मगुरूंचे आणि गायनवृंदप्रमुखांचे काम आहे.

शिक्षक निवडताना

उत्तम वादक उत्तम शिक्षक असतोच असे नाही. म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी एक पाठ प्रत्यक्ष पाहावा. शिक्षक अधिक वेळ स्वतः वाजवितो की विद्यार्थ्याला वाजवू देतो, हे पाहावे. आपल्या उपासनेतील एखादे गीत त्याला ऐकवावे आणि साथ कशी कराल असे विचारावे. उत्तरावरून पुष्कळ कळते. श्रेणी परीक्षा देण्यास हरकत नाही. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या परीक्षांमुळे अभ्यासाला शिस्त लागते. मात्र परीक्षेची तीनच गीते वर्षभर घोकणे म्हणजे संगीतशिक्षण नव्हे.

कार्यक्रम करणाऱ्या शिक्षकाचे पाठ नाताळात किंवा लग्नसराईत चुकतात. चुकलेल्या पाठाचे काय करायचे, हे आरंभीच ठरवावे म्हणजे पुढे कटुता येत नाही. पाठ उघड्या दाराच्या खोलीत, घरातील कोणी जवळ असताना व्हावा. ऑनलाइन पाठालाही हाच नियम लावावा. यात शिक्षकाचा अविश्वास नाही. मुलाचे आणि शिक्षकाचे दोघांचेही त्यात हित आहे.

रिसोड, कारंजा किंवा मंगरूळपीर येथे असा शिक्षक न मिळाल्यास अकोला किंवा अमरावती येथे चौकशी करावी. दर आठवड्याला प्रवास शक्य नसेल, तर महिन्यातून एकदा समोर बसून आणि एरवी ऑनलाइन, असा मार्ग काढता येतो. लहान मुलासाठी नायलॉन तारांची, त्याच्या उंचीला साजेशी गिटार घ्यावी. पोलादी तारा कोवळ्या बोटांना फार लागतात. रविवारी दोन तास बसण्यापेक्षा रोजची वीस मिनिटे अधिक फळ देतात.

शेवटची जबाबदारी धर्मग्रामाची आहे. शिकणाऱ्याला वाजविण्याची जागा मिळाली नाही, तर उत्तम गुरूचे श्रमही वाया जातात. सहा महिने शिकलेल्या मुलाला महिन्यातून एक गीत द्यावे, पेटीवादकाच्या शेजारी बसवावे आणि चुकल्यास मागे वळून पाहू नये. दोन वर्षांनी तोच मुलगा किंवा तीच मुलगी दुसऱ्या लहानग्याला पहिली कॉर्ड दाखवील, आणि आपल्या चर्चमधील गायनाला पुढची कित्येक वर्षे आधार मिळेल.