धुळीची थकबाकी

कार्डिफ (वेल्स) : ३० सप्टेंबर २०२४ रोजी रॅटक्लिफचं वीजकेंद्र बंद झालं आणि ब्रिटनमध्ये कोळसा जाळून वीज करणं संपलं. त्याच्या आदल्या वर्षी इथे वेल्समध्ये, मर्थर टिडफिलजवळची मोठी उघडी खाणही थांबली होती. ज्या देशानं जगाला कोळशावर चालायला शिकवलं, त्यानंच कोळशाशी काडीमोड घेतला. सरकारच्या वहीत एक खातं मात्र अजून चालू आहे. ते आहे खाणीत राबलेल्या माणसांच्या फुप्फुसांचं. मालक गेला तरी देणं उरतं, हे या देशानं फार उशिरा आणि बरीच कुरकुर करून मान्य केलं. गिरण्यांचे भोंगे बंद झालेल्या सोलापुरात ही हकीकत वाचली जावी, म्हणून हे पत्र.

वेल्स म्हणजे ब्रिटनच्या पश्चिमेकडचा डोंगराळ मुलूख. भाषा वेगळी, समूहगायनाचं आणि रग्बीचं वेड. शंभर वर्षांपूर्वी दक्षिणेकडच्या दऱ्यांत दोन लाखांहून अधिक माणसं कोळसा काढत. आता उतारावर एकमेकींना चिकटलेल्या घरांच्या रांगा उरल्यात आणि कामगारांनी पगारातून वर्गणी काढून बांधलेली सभागृहं, वाचनालयं. ट्रेडेगर गावात तर अशाच वर्गणीतून कामगारांचे स्वतःचे डॉक्टर होते, दवाखाना होता. याच गावचा, कोवळ्या वयात खाणीत उतरलेला अन्यूरिन बेव्हन पुढे आरोग्यमंत्री झाला आणि ५ जुलै १९४८ रोजी त्यानं देशभर मोफत आरोग्यसेवा सुरू केली. या सेवेचं, एनएचएसचं, कौतुक आपण नेहमी ऐकतो. तिची कल्पना मुरली ती या खाणगावात.

ब्लेनॅव्हनची ‘बिग पिट’ ही खाण १९८० साली बंद पडली आणि आता संग्रहालय म्हणून पाहायला मिळते. पाळण्यात बसवून नव्वद मीटर खाली नेतात. त्याआधी घड्याळ, मोबाइल, गाडीची रिमोटवाली किल्ली सगळं काढून घेतात, कारण मिथेनला एक ठिणगी पुरते. डोक्यावर हेल्मेट, त्यावर दिवा, कमरेच्या पट्ट्याला त्याची जड बॅटरी. खाली गेल्यावर वाटाड्या सगळ्यांना दिवे विझवायला सांगतो. मग स्वतःचा हात नाकासमोर धरला तरी दिसत नाही. भीती वाटते ती छत कोसळण्याची आणि स्फोटाची. १९१३ साली सेंगेनिडच्या स्फोटात ४३९ खाणकामगार एका सकाळी गेले, त्यांचं स्मारक उभं आहे. धूळ मात्र माणसाला एकेकट्यानं गाठते, तेही काम सुटल्यावर, घरच्या खाटेवर. तिची बातमी होत नाही.

कोळशाची डोळ्यांना दिसणारी धूळ नाकात, घशात अडकते, खाकरून पडते. घातक असते ती न दिसणारी. मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढे कण फुप्फुसाच्या शेवटच्या फुग्यांपर्यंत पोचतात आणि तिथून हलत नाहीत. त्यांच्याभोवती काळे डाग होतात, डागांचे व्रण, आणि काहींच्या फुप्फुसात व्रणांच्या कडक गाठी. आधी चढ चढताना धाप लागते, नंतर सदरा घालतानाही. हा न्यूमोकोनिऑसिस. त्यावर औषध नाही, आणि खाण सोडली तरी तो पुढे सरकू शकतो.

गंमत अशी की हे मान्य करायला डॉक्टरच तयार नव्हते. दगडाच्या धुळीतल्या सिलिकानं फुप्फुस बिघडतं, निव्वळ कोळशाची धूळ निरुपद्रवी, असं त्यांचं मत. नुकसानभरपाईही त्याच मापानं. हे मत मोडलं ते इथल्याच, कार्डिफच्या गोदीतल्या हमालांनी. जहाजाच्या पोटात उतरून फावड्यानं कोळसा सारखा करणारी ही माणसं कधी खाणीत गेलीच नव्हती, त्यांनी दगड फोडला नव्हता. तरी त्यांना तोच आजार. जेथ्रो गॉफ या कार्डिफच्या रोगनिदानतज्ज्ञानं १९४० साली हे मांडलं. पुढे त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यानं मृत माणसाच्या अख्ख्या फुप्फुसाची पातळ चकती कापून ती कागदावर चिकटवायची रीत काढली. काळे ठिपके, गाठी, फाटून मोठी झालेली पोकळी, सगळं त्या कागदावर उघड्या डोळ्यांनी दिसतं. न्यायालयातल्या वकिलालाही समजेल असा पुरावा.

१९४३ साली कोळसा कामगारांना भरपाई लागू झाली, पण तिला एक काटा होता. आजाराचा दाखला मिळाला की खाणीतलं काम बंद. दऱ्यांत दुसरा रोजगार नव्हता. हजारो माणसं दाखला घेऊन घरी बसली, बाकीचे एक्स-रे टाळू लागले. असल्या अविश्वासाच्या काळात आर्ची कॉक्रेन हा डॉक्टर ऱ्होंडा फाखच्या दरीत उतरला. पन्नाशीच्या सुरुवातीला त्यानं आणि त्याच्या माणसांनी दारोदार फिरून, गळ घालून जवळजवळ अख्ख्या दरीचे एक्स-रे काढले. औषधोपचारांचा पुरावा तपासणारी आजची जगप्रसिद्ध ‘कॉक्रेन’ संस्था याच माणसाच्या नावानं चालते. त्याचा हिशेब साधा होता : किती जण आजारी आहेत ते आधी मोजा, मग बोला.

मोजून आजारी किती ते कळतं, भरपाई कुणी द्यायची हा प्रश्न मात्र उरतोच. उत्तर वेल्समध्ये पाटीच्या दगडाच्या खाणी होत्या. त्या एकेक करून बुडाल्या आणि छातीत धूळ घेऊन बसलेल्या कामगारांना दावा ठोकायला मालकच उरला नाही. मार्च १९७९ मध्ये जेम्स कॅलहन यांचं मजूर सरकार डळमळत होतं. वेल्सच्या प्लाइड कम्री पक्षाचे तीन खासदार होते. त्यांनी पाठिंब्याची किंमत सांगितली : या खाणकामगारांसाठी कायदा. २८ मार्चच्या रात्री तिघांनी सरकारच्या बाजूनं मत दिलं. सरकार ३११ विरुद्ध ३१० अशा एका मतानं पडलं, थॅचरबाईंचा रस्ता मोकळा झाला. मात्र संसद विसर्जित होण्याआधी कायदा मंजूर झाला. आमदार-खासदारांची पळवापळवी रोज वाचणाऱ्या आपल्यासारख्यांना तीन मतांचा असा सौदा नवलाचाच वाटेल.

त्या कायद्याचं मर्म एका ओळीत सांगता येतं. मालक अस्तित्वात नसेल तर भरपाई सरकार देईल. त्यात फक्त खाणीची धूळ नाही, कापसाच्या धुळीनं होणारा बिसिनोसिसही आहे. आजही इथे कामातून जडणाऱ्या आजारांची सरकारी यादी असते. बहुतेक आजारांना १४ टक्के अपंगत्वाची अट आहे, न्यूमोकोनिऑसिस आणि बिसिनोसिसला मात्र एक टक्काही पुरतो. मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही, अमुक काम केलं आणि अमुक आजार आहे एवढं पुरतं. म्हणजे सगळं आलबेल आहे असं नव्हे. खाणकामगारांच्या दम्यासारख्या विकारांसाठी १९९८ पर्यंत न्यायालयात झुंजावं लागलं. मग लाखो दावे आले, निकाल लागेपर्यंत कित्येक दावेदार गेले, आणि कामगारांच्या पैशांतून वाटा कापणाऱ्या काही वकिलांच्या सनदा पुढे रद्द झाल्या. टाळूवरचं लोणी खाणारे इथेही आहेत.

आता आपल्याकडे वळू. सोलापुरात १८७७ ची जुनी मिल, मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम. यंत्रं ब्रिटनमधल्याच लँकेशायरच्या घडणीची, आणि त्यांच्यासोबत कापसाच्या धुळीचा आजारही आला. गासड्या फोडायच्या ब्लोरूमला आणि कार्डिंगला धूळ सर्वांत जास्त. सुट्टीनंतरच्या पहिल्याच पाळीला छाती आवळून येते, दुसऱ्या दिवशी जरा बरं वाटतं. काही वर्षांनी आठवडाभर तसंच, आणि शेवटी कायमचं. लँकेशायरच्या कामगारांसाठी यावर १९४० साली कायदा झाला. मुंबईत केईएमच्या डॉ. एस. आर. कामतांनी गिरणी कामगारांमध्ये हाच आजार शोधला. आपल्या १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) कायद्याच्या परिशिष्टात बिसिनोसिसचं नाव होतं. त्याच यादीत उसाच्या बगॅसच्या धुळीचा आजारही होता, आणि साखर कारखान्यांच्या आपल्या जिल्ह्याला त्याची ओळख वेगळी करून द्यायला नको.

मग अडलं कुठे? कायद्यात नाही, केसपेपरवर. पूर्व भागातला म्हातारा जॉबर दम लागतो म्हणून सिव्हिलला जातो. वय लिहिलं जातं, बिडी ओढता का हे विचारलं जातं. बावीस वर्षं कार्डिंग खात्यात होता, हे कुणी विचारत नाही आणि तोही सांगत नाही. कागदावर दमा, नाहीतर जुना टीबी. शेडमध्ये टॉवेल-चादरी विणणाऱ्याची, तंबाखूची भुकटी श्वासात घेत घरी बिड्या वळणाऱ्या बाईची तीच गत. विणकामाची धूळ पिंजणाएवढी वाईट नसते हे खरं, पण कुणाला किती झालं हे तपासल्याशिवाय कसं कळणार?

ब्रिटनकडे पैसा आहे, आपल्याकडे कुठे, असं कुणी म्हणेल. १९७९ चा ब्रिटन श्रीमंतीत लोळत नव्हता. तीनच वर्षांपूर्वी त्यानं आंतरराष्ट्रीय नाणेनिधीपुढे हात पसरले होते. एवढ्या लांब कशाला, राजस्थाननं २०१९ साली धोरण करून सिलिकोसिस ठरलेल्या कामगाराला तीन लाख रुपये, आणि मृत्यूनंतर कुटुंबाला दोन लाख द्यायला सुरुवात केली. मालक कोण, हा प्रश्न तिथेही आड येत नाही. महाराष्ट्राला असा कायदा करता येईल, आणि बंद गिरण्यांच्या सोलापुरानं तो मागायला हवा.

पण मागणीला पुरावा लागतो आणि तो घरातूनच सुरू होतो. तुमच्या घरात गिरणीत, सूतगिरणीत, शेडमध्ये किंवा बिडीवर आयुष्य काढलेलं कुणी असेल, तर जुनं ईएसआय कार्ड, फंडाची पावती, नोकरीचा दाखला शोधून एका पिशवीत ठेवा. पुढच्या वेळी दवाखान्यात गेलात की ती पिशवी सोबत न्या. कोणतं खातं, किती वर्षं, हे डॉक्टरांना केसपेपरवर लिहायला सांगा. ते नको म्हणाले तर पुन्हा सांगा.