लाल ठिपका सीसीटीव्हीचा नव्हेच!

लघुपटात चोरीचा प्रसंग आला की एडिटिंगला बसलेली मंडळी आधी फिल्टर शोधतात. चित्र कृष्णधवल, त्यावर आडव्या रेघा, कोपऱ्यात लाल ठिपका आणि शेजारी ‘आरईसी’. झालं सीसीटीव्ही फुटेज तयार!

पण तो लाल ठिपका कॅमकॉर्डरचा. शूटिंग करणाऱ्याला रेकॉर्डिंग चालू असल्याचं कळावं म्हणून तो व्ह्यूफाइंडरमध्ये दिसायचा. सीसीटीव्हीच्या चित्रावर असते तारीख, वेळ आणि कॅमेऱ्याचं नाव किंवा क्रमांक. त्यातली वेळ बरेचदा चुकलेलीही असते. रेघा टेपच्या जमान्यातल्या. आताचा रेकॉर्डर जागा वाचवण्यासाठी चित्र दाबून साठवतो, म्हणून सपाट भिंतीवर चौकोनी ठोकळे उमटतात. सेकंदाला २५ ऐवजी १०-१५ फ्रेम साठवल्या, की चालही तुटक दिसते.

कृष्णधवल चित्राचं प्रकरण जरा खोलात जाऊन पाहण्यासारखं आहे. दिवसा बहुतेक कॅमेरे रंगीतच टिपतात. अंधार पडला की सेन्सरपुढची, इन्फ्रारेड अडवणारी काच बाजूला सरकते आणि साधारण ८५० नॅनोमीटरचे एलईडी पेटतात. या उजेडात झाडाची पानं पांढरीफटक दिसतात, मांजराचे डोळे चकाकतात, काळा सिंथेटिक शर्ट चक्क राखाडी होतो आणि कॅमेऱ्याजवळ आलेल्या माणसाचा चेहरा पांढरा पडून नाकडोळे पुसले जातात. दुपारच्या चित्रातले रंग काढून यातलं काहीही हाती लागत नाही.

खरी गोम मात्र फिल्टरच्या आधीच आहे. हा कॅमेरा छताजवळ ठोकलेला असतो, त्यामागे माणूस नसतो. २.८ किंवा ३.६ मिलिमीटरची रुंद लेन्स, जवळचं-लांबचं सगळंच स्पष्ट, कडेचे खांब वाकलेले. तो कुणाच्या मागे वळत नाही, चाकू निघाला म्हणून झूम करत नाही. म्हणूनच नट फ्रेमच्या बरोबर मधोमध येऊन भांडू लागले, की बनाव उघडा पडतो.

दिबाकर बॅनर्जी यांच्या ‘लव्ह सेक्स और धोखा’ (२०१०) मधली दुसरी गोष्ट डिपार्टमेंटल स्टोअरच्या सुरक्षा कॅमेऱ्यांतून घडते. मायकेल हानेके यांच्या ‘काशे’ची (२००५) सुरुवात तर पाळतीच्या टेपनेच होते: एका घरावर रोखलेला, न हलणारा, लांबलचक शॉट. त्यावर ठिपका नाही, रेघाही नाहीत. तरी अंगावर काटा येतो.

‘फुटेज कितीही धूसर असो, मोठं केलं की नंबरप्लेट वाचता येते’ हा समज मालिकांनी पोसलेला. सेन्सरने जे टिपलंच नाही, ते मागाहून आणणार कुठून? सॉफ्टवेअर भर घालतं ती अंदाजाची.

आणि फुटेज हुबेहूब दिसलं म्हणून न्यायालयात चालत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार अशा नोंदीसोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्याच्या नमुन्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे तिचा डिजिटल ठसा, लिहावी लागते. लघुपटासाठी असं फुटेज बनवलंत, तर सुटी क्लिप व्हॉट्सॅपवर सोडण्याआधी तिच्यावर ‘काल्पनिक’ एवढं तरी ठळक लिहा.