जंतूंची आणीबाणी

जुलाब लागले की कोपऱ्यावरच्या दुकानातून सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या चार गोळ्या मागून आणावयाच्या आणि दुसऱ्या दिवशी पोट ताळ्यावर आले की उरलेल्या दोन कपाटात ठेवून द्यावयाच्या, हा आपल्या घरोघरचा परिपाठ आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून हे औषध विकू नये असा कायदा आहे. पण तो दुकानदारही विसरतो आणि गिऱ्हाईकही. या परिपाठामागे एक समजूत आहे. औषधाने जंतू एक तर मरतो, नाही तर जगतो, आणि जगलाच तर तो मुळातच दांडगा असला पाहिजे. ही समजूत अर्धीच खरी आहे. जंतू मुकाट्याने मार खात नाही.

जर्मनव्याप्त पॅरिसमध्ये झाक मोनो या शास्त्रज्ञाने जीवाणूंपुढे दोन साखरा एकत्र ठेवल्या. जीवाणूंनी आवडती साखर संपेपर्यंत दुसरीला तोंड लावले नाही. मग त्यांची वाढ काही काळ थबकली आणि नंतर दुसऱ्या साखरेवर पुन्हा सुरू झाली. या थबकण्याचा अर्थ लावण्यात वीस वर्षे गेली. फ्रान्स्वा झाकोब यांच्यासह मोनो यांनी १९६१ साली दाखवून दिले की, दुग्धशर्करा पचविणारी जनुके ई. कोलाय या आतड्यातील जीवाणूपाशी सदैव असतात, पण त्यांवर एक निरोधक बसलेला असतो आणि ती शर्करा आली की तो बाजूला होतो. दोघांना १९६५ चे नोबेल पारितोषिक मिळाले, आंद्रे ल्वॉफ यांच्यासमवेत.

सुमारे ४,३०० जनुकांचा संसार या इवल्या जिवाला एकदम मांडून बसणे परवडणारे नाही. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात सणावारीची भांडी माळ्यावर ठेवतात, तसाच हा प्रकार. उष्णता वाढली, अन्न संपले, आम्लाशी गाठ पडली, की त्या त्या प्रसंगाचे भांडे खाली निघते.

परंतु संकट खुद्द डीएनएवरच कोसळले तर? सिप्रोफ्लॉक्सॅसिन नेमके हेच करते. डीएनएचा पीळ सांभाळणाऱ्या गायरेज या एन्झाइमला ते जागच्या जागी अडकवून ठेवते आणि त्यामुळे धागे तुटतात. एरवी लेक्सए नावाचे प्रथिन चाळीसहून अधिक जनुके दाबून धरते. तुटक्या डीएनएच्या उघड्या पडलेल्या एकेरी धाग्यावर रेकए हे दुसरे प्रथिन गोळा होते आणि त्याच्या सान्निध्यात लेक्सए स्वतःलाच कापून घेते. दबलेली जनुके जागी होतात. मिरोस्लाव्ह राडमान यांनी १९७० च्या दशकात या व्यवस्थेला बुडत्या जहाजाच्या हाकेवरून एसओएस असे नाव दिले. आरंभी दुरुस्तीची प्रथिने पुढे येतात. तेवढ्याने भागले नाही, तर अखेरीस काही पॉलिमरेज एन्झाइमे नादुरुस्त धाग्यावरूनही नक्कल पुढे रेटतात. अक्षर चुकले तरी बेहत्तर! यातल्या बहुतेक चुका फुकट जातात, कित्येक प्राणघातक ठरतात. पण असंख्यांतून एखाद्याच्या गायरेजमध्ये असा बदल घडतो की औषध त्याला धडपणे चिकटतच नाही. जंतू हे काही योजून करतो असे नव्हे. योजनेवाचून हे साधते, हेच भयावह आहे.

हा केवळ तर्क नव्हे. अमेरिकेत फ्लॉइड रोम्सबर्ग यांच्या प्रयोगशाळेने २००५ साली, ज्यांचे लेक्सए कापलेच जाऊ शकत नाही असे ई. कोलाय उंदरांच्या शरीरात सोडून त्यांना सिप्रोफ्लॉक्सॅसिन दिले. त्या जंतूंत प्रतिरोध निपजला नाही. म्हणजे औषध प्रतिरोधी जंतू केवळ निवडून काढीत नाही. ते त्यांच्या निपजेलाही हातभार लावते. मात्रा जंतूला मारण्याइतकी नसून केवळ डिवचण्याइतकीच असेल, तर तिच्यासारखी वाईट मात्रा नाही. औषध किती दिवस घ्यावे याविषयी तज्ज्ञांत अलीकडे मतभेद आहेत आणि कित्येक आजारांत थोडे दिवसही पुरतात. पण ते ठरविणे वैद्यकाचे काम आहे, कपाटाचे नव्हे.

तथापि सारा दोष त्या दोन गोळ्यांवर ढकलणे अप्रामाणिकपणाचे होईल. हैदराबादजवळच्या पटनचेरू येथे अनेक औषध कारखान्यांचे सांडपाणी एकत्र शुद्ध केले जाते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडिश संशोधकांच्या पाहणीत त्या ‘शुद्ध’ केलेल्या पाण्यात लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सॅसिन सापडले. औषध घेणाऱ्या रोग्याच्या रक्तातही ते इतके नसते. असे पाणी ओढ्यानाल्यांतून वाहत पातळ होत जाते आणि वाटेत कोठे तरी त्याची मात्रा नेमकी डिवचण्याइतकी होते. रोग्याला उपदेश करणे सोपे. कारखान्याच्या नळाशी मोजमाप घेऊन उभे राहणे अंमळ कठीण. केंद्र सरकारने जानेवारी २०२० मध्ये सांडपाण्यातील प्रतिजैविकांच्या मर्यादा ठरविणारा मसुदा प्रसिद्ध केला होता. २०२१ साली अंतिम नियम निघाले, तेव्हा त्या मर्यादा त्यांत नव्हत्या.